मृग बहारात डाळिंबाच्या फळांना भोकं पडतात. वर्षभरात कोणती कीड कधी येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आटपाडी तालुक्यात दीड एकर भगवा जातीचं डाळिंब आहे, मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडाशी पाणी सोडून घेतलेलं पीक) धरता, दर आठ दिवसांनी फवारणी करूनही ऑगस्टपासून फळांना भोकं पडून सड लागते. कोणती कीड कोणत्या महिन्यात येते ते हवंय.

नुसता महिन्यांचा तक्ता करून भिंतीला लावू नका. कीड बहाराच्या मागे येते. जूनमध्ये पाणी सोडलं की जुलैत कळी, ऑगस्टमध्ये लिंबाएवढी फळं आणि डिसेंबर-जानेवारीत तोडणी. शेजाऱ्याने हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलोऱ्याचा) धरला असेल तर त्याची कळी तुमच्या फुगवणीच्या वेळी निघते. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून शिवारात कुठे ना कुठे बारा महिने फळ असतं, त्यामुळे अळीला पूर्वीसारखा खंडच पडत नाही. म्हणून खाली महिने सांगतो, पण लक्ष झाडावर ठेवा.

आधी भोक कुणाचं ते ओळखा. भोकाच्या तोंडाशी ओलसर विष्ठेच्या गोळ्या चिकटलेल्या असतील आणि फळाला घाण वास येत असेल, तर ती फळ पोखरणारी अळी. भोक टाचणी टोचल्यासारखं असेल, भोवती मऊ तपकिरी गोल डाग असेल, दाबल्यावर रस येत असेल आणि विष्ठा अजिबात नसेल, तर तो रस शोषणारा पतंग. दोघांचे उपाय वेगळे आहेत.

तुमच्या वर्णनावरून मला अळीचाच संशय जास्त आहे. मृग बहारात जुलै ते ऑक्टोबर हा तिचा जोराचा काळ. तिचं फुलपाखरू दिवसा उडतं. नर चमकदार निळसर जांभळा, मादी तपकिरी आणि तिच्या पुढच्या पंखावर नारिंगी ठिपका. मादी फुलाच्या आणि लहान फळाच्या पाकळीवर (टोकाच्या मुकुटावर) एकेक अंडं घालते. अंडं साधारण 7 ते 10 दिवसांत फुटतं आणि अळी लगेच आत शिरून दाणे खाते. भोकाचं तोंड ती स्वतःच्या शेपटाकडच्या भागाने बुजवून बसते. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दर आठ दिवसांच्या फवारण्या इथेच वाया जातात. वर मित्रकीटक मरून मिलीबग आणि पांढरी माशी वाढते ती वेगळीच.

म्हणून सगळं काम कळी ते लिंबाएवढं फळ या टप्प्यातच उरकायचं. आठवड्यातून दोनदा प्लॉटमधली 20 झाडं फिरून, प्रत्येकावर चार-पाच फळांच्या पाकळ्या भिंगाने बघा. चकचकीत पांढरट, खसखशीएवढं अंडं दिसतं. कळीपासून 10 दिवसांच्या अंतराने चार वेळा ट्रायकोकार्ड लावा, म्हणजे किडीची अंडी मारणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची अंडी चिकटवलेलं कार्ड. एकरी 1 लाख अंडी लागतात, एका कार्डावर साधारण 20 हजार असतात, म्हणजे दीड एकराला दर वेळी सात-आठ कार्डं. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा. कार्डं लावली की पुढचे काही दिवस कडक कीटकनाशक मारू नका, नाहीतर पैसे पाण्यात.

निंबोळी अर्क घरी करायचा तर 5 किलो निंबोळ्या कुटून फडक्यात बांधा, 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळून 100 लिटर करा आणि 200 ग्रॅम साबणचुरा घाला. त्याच दिवशी संपवा. रासायनिक औषध घ्यावंच लागलं तर डाळिंबावर लेबल क्लेम (त्या पिकासाठी अधिकृत मंजुरी) असलेलंच घ्या, औषधाचा गट बदलत जा आणि फुलोऱ्यात मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळीच फवारा. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला यासाठी जवळचा आणि भरवशाचा.

लिंबाएवढं फळ झालं की बटर पेपरच्या पिशव्या बांधा. फळ कोरडं हवं आणि पाकळीत अंडं नको, नाहीतर अळी पिशवीतच पाळाल. किडकी फळं दर तीन-चार दिवसांनी काढून दोन फूट खोल पुरा. ती ओढ्यात किंवा बांधावर फेकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण कोष त्याच फळात असतो आणि तिथूनच पुढची पिढी उडते.

पतंगाचा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर, तोही अंधार पडल्यावर. आंबे बहाराचा (जानेवारी-फेब्रुवारीत धरलेला) उशिरा राहिलेला माल त्याला पहिला सापडतो. बॅटरी मारली की त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात. तसाच पकडून मारता येतो. त्याची अळी डाळिंबावर नसते, ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. बांधावरच्या त्या वेली पावसाळ्यातच काढा. पिशवी इथेही उपयोगी, शिवाय संध्याकाळचा धूरही.

थ्रीप्स म्हणजे फुलकिडे ताण तोडल्यावर (बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सोडल्यावर) नव्या पालवीवर आणि कळीवर येतात. पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली, जे आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये नेहमीचं, की ते झपाट्याने वाढतात. आंबे बहारात फेब्रुवारी ते एप्रिलची कोरडी हवा त्यांना मानवते. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून बघा. बारीक पिवळसर किडे चालताना दिसतात. फळ मोठं झाल्यावर दिसणारा करडा खरवडा फळ लहान असतानाच पडलेला असतो, म्हणून मोठ्या फळावर फवारून उपयोग नाही.

राहिलं खोड. पिन होल भुंगेरा पाऊस लांबला, मुळ्यांत पाणी साचलं की अशक्त झाडावर येतो. खोडावर टाचणीएवढी भोकं आणि पिठासारखा भुसा ही खूण. 4 किलो गेरू 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून त्यात क्लोरपायरीफॉस 20 ईसी 25 मिली आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड 25 ग्रॅम मिसळा, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत खोडाला लावा, वर्षातून दोनदा. वाळलेलं झाड मुळासकट काढून जाळा. सरपण म्हणून बांधावर रचलंत तर त्याच लाकडातून भुंगेरे निघून चांगल्या झाडांत शिरतात.