नाथसागरात चालवायला, ट्रेलरवर नेता येईल अशी शिडाची छोटी होडी कोणती घ्यावी?

पंधरा-सोळा फुटांची, वर उचलता येणाऱ्या सेंटरबोर्डची (होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायची फळी) उघडी डिंगी, म्हणजे बिनछताची छोटी होडी, घ्या. स्थिर कीलची, म्हणजे तळाला कायमची जोडलेली खोल पात असलेली, होडी स्वस्तात मिळाली तरी नको. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, त्याचं पाणी पसरट. उन्हाळ्यात ते मागे सरकलं की काठाला नुसता गाळ उरतो, त्यामुळे होडी वीतभर पाण्यात तरंगली पाहिजे. वेफेअरर नावाच्या डिंगीचंच बघा: लांबी ४.८२ मीटर, बोर्ड वर घेतला की २० सेंटिमीटर पाणी पुरतं, खाली सोडला की १.१७ मीटर लागतं. नुसत्या होडीचं वजन १६९ किलो, म्हणजे जीपमागे सहज येते, पण चिखलातून ओढायला चार माणसं हवीत. बोर्ड खिळीवर फिरणाराच असावा, तळाला टेकला की आपोआप मागे वळतो. सरळ खाली सरकवायचा असेल तर अडकतो, कधी मोडतो. सुकाणूचं पातंही उचलता यावं, हे लोक हमखास विसरतात. मात्र हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा पैसे मोजण्याआधी वनविभाग आणि जलसंपदा विभाग दोघांकडे परवानगीचं विचारा. आणि अॅल्युमिनियमची डोलकाठी उभी करण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना, ते बघा.