डोरेमॉनच्या फॅन लोकांनी काढलेल्या डिस्टर्बिंग कॉमिक्स एवढ्या व्हायरल का होतात?

मुख्य कारण म्हणजे आपल्या लहानपणाला हात लावलेला असतो. अनोळखी पात्राचं काहीही होवो, पण नोबिता कोमात होता आणि डोरेमॉन हे सगळं त्याचं स्वप्न होतं असं कुणी म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि मग आपण ते लगेच मित्राला पाठवतो कारण असं एकट्याला झेपत नाही. ही कोमाची गोष्ट अफवाच आहे, जपानमध्ये नेट यायच्या आधीपासून फिरतेय, मूळ मांगामध्ये, म्हणजे जपानी कॉमिकमध्ये, असं कुठेच नाही.

दुसरं म्हणजे डोरेमॉन काढणारे फुजिको एफ फुजिओ १९९६ ला गेले आणि मालिकेला ठरलेला शेवट असा राहिलाच नाही, मग ती जागा फॅन लोकांनी भरली. एकाने डोरेमॉनची बॅटरी संपते आणि नोबिता मोठा होऊन त्याला दुरुस्त करतो असा शेवट काढला, चित्रं इतकी हुबेहूब आणि कव्हरपण खऱ्या पुस्तकासारखं, की लोकांना तो खराच वाटला. सुमारे १३,००० प्रती खपल्या, नेटवर पसरला, शेवटी डोरेमॉनच्या प्रकाशकाने आक्षेप घेतला आणि २००७ मध्ये तो काढणाऱ्याला माफी मागावी लागली. हा शेवट तसा हळवा आहे, पण भयानकवालेसुद्धा ह्याच रस्त्याने पसरतात, म्हणजे ओळखीची स्टाइल, सुटी पानं, कुणी काढलंय त्याचा पत्ता नाही. त्यात शिव्या घालायला म्हणून शेअर केलं तरी अल्गोरिदमला ते शेअरच दिसतं.

मला खरी काळजी लहान मुलांची वाटते, आपल्याकडे ती डोरेमॉन हिंदीत रोज बघतात आणि सर्च केल्यावर हेच समोर येतं.