ले मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीसाठी टीम आणि ड्रायव्हर पात्र कसे ठरतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. क्वालिफाइंगमध्ये मागे पडलेली गाडी घरी जाते का, आणि कार्टिंग करणाऱ्या तुमच्या भाच्याला तिथवर पोहोचायचं तर काय करावं लागेल?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: सहसा जात नाही. क्वालिफाइंगमध्ये ठरतो तो फक्त सुरुवातीचा क्रम. 2025 मध्ये हायपरकार या सर्वांत वेगवान गटातल्या 15 गाड्या हायपरपोलच्या, म्हणजे पहिल्या जागांसाठीच्या अंतिम चाचणीच्या, पहिल्या फेरीत आणि त्यातल्या 10 दुसऱ्या फेरीत गेल्या. पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, कॅडिलॅकला मिळाली, शर्यत मात्र फेरारीने जिंकली. चोवीस तासांत पहिल्या रांगेला फारशी किंमत उरत नाही.

खरी चाळणी काही महिने आधीच लागलेली असते. ही शर्यत 1923 पासून एसीओ हा फ्रेंच क्लब भरवतो आणि तिथे निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. जागा 62. जागतिक एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपचा पूर्ण हंगाम खेळणाऱ्या हायपरकार आणि एलएमजीटी3 (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांचा गट) टीम थेट आत येतात. युरोपियन आणि एशियन ले मान्स मालिकांच्या विजेत्यांना आपोआप निमंत्रण मिळतं. उरलेल्यांनी अर्ज करायचा आणि निवड समितीच्या निर्णयाची वाट बघायची. त्यातही काहीजण राखीव यादीत अडकतात. कुणी माघार घेतली, तरच त्यांचा नंबर लागतो. हे आपोआप मिळणारं निमंत्रण टीमच्या नावावर असतं, ड्रायव्हरच्या नाही. म्हणजे मालिका जिंकून देणारा ड्रायव्हर जूनमध्ये घरी बसून टीव्हीवर शर्यत बघतोय, असंही होऊ शकतं.

आता ड्रायव्हरचं. मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतो तो एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेने ड्रायव्हरला दिलेला दर्जा: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ. एलएमजीटी3 गाडीच्या तिघांपैकी एक जण ब्रॉन्झ असलाच पाहिजे. ब्रॉन्झ म्हणजे बहुतेक वेळा हौशी माणूस, तिशीनंतर लायसन्स काढलेला, पोटापाण्याचा धंदा वेगळा असलेला. हायपरकारमध्ये त्याला बसताच येत नाही. पण एलएमजीटी3 मध्ये गाडी उभी राहते ती अनेकदा त्याच्याच पैशावर, आणि निकालही बऱ्याचदा त्याच्याच हातात असतो. व्यावसायिक ड्रायव्हरांमधला फरक लॅपमागे काही दशांश सेकंदांचा, तर दोन गाड्यांच्या ब्रॉन्झमधला कधीकधी तीन-चार सेकंदांचा. नियमाप्रमाणे त्याला काही तास चालवावंच लागतं, लपवून ठेवता येत नाही. टेक्सासमधले कार डीलर बेन कीटिंग 2022 आणि 2023 मध्ये, एलएमजीटी3 च्या आधीच्या जीटीई-ॲम गटात, लागोपाठ जिंकले ते याच जागेवरून. म्हणून वेगवान ब्रॉन्झला टीम अक्षरशः शोधत फिरतात. अमेरिकेत शर्यती भरवणाऱ्या आयएमएसए संस्थेचे ट्रूमन आणि एकिन हे दोन पुरस्कारही हौशी ड्रायव्हरांसाठीच आहेत आणि त्यांच्यासोबत ले मान्सचं निमंत्रण येतं.

नवख्याला आणखी दोन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी सक्तीचं सिम्युलेटर सत्र, मग शर्यतीच्या आधीच्या रविवारी टेस्ट डेला किमान दहा लॅप. ट्रॅक 13.626 किलोमीटरचा आणि त्यातला बराचसा भाग एरवी वाहतुकीचा रस्ता, त्यामुळे ही सक्ती मला योग्यच वाटते. शर्यतीतही कुणालाही सहा तासांच्या खिडकीत चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण चौदा तासांपेक्षा जास्त चालवू देत नाहीत.

सगळं पार पडूनही नशीब आडवं येतं. 2009 मध्ये भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन कोलेस टीमच्या ऑडीतून उतरणार होता. शर्यतीच्या तोंडावर पिटची भिंत ओलांडताना तो पडला, खांदा निखळला आणि उरलेल्या दोघांनीच गाडी शेवटपर्यंत नेली, तीही सातव्या क्रमांकावर! आपला माणूस तिथे प्रत्यक्ष शर्यतीत दिसला तो 2012 मध्ये: करुण चंढोक, एकूण सहावा. 2019 मध्ये अर्जुन मैनीने एलएमपी2, म्हणजे हायपरकारच्या खालच्या गटातली गाडी, चालवली. आणि 2021 मध्ये कार्तिकेयन, मैनी आणि नवीन राव असे तिघे 'रेसिंग टीम इंडिया' म्हणून एशियन ले मान्समध्ये उतरले. मालिका जिंकली असती तर निमंत्रण हातात होतं, पण ती जी-ड्राइव्ह टीमने नेली.

तेव्हा भाच्याचं. आधी एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स, मग फॉर्म्युला किंवा जीटीचे काही हंगाम. लहानपणापासून ट्रॅकवर असलेला मुलगा सहसा सिल्व्हर किंवा त्याच्या वर मोजला जातो, त्यामुळे ब्रॉन्झची सोय विसरा. सिल्व्हर म्हणून मात्र त्याला मागणी राहील, कारण एलएमपी2 मध्येही एक सिल्व्हर किंवा ब्रॉन्झ लागतोच. एलएमपी2 ची गाडी आता जागतिक मालिकेत पूर्ण हंगाम धावत नाही, पण ले मान्सला तिच्यासाठी किमान पंधरा जागा आहेत. माझा सल्ला विचाराल तर युरोपच्या आधी एशियन ले मान्सकडे बघा. शर्यती हिवाळ्यात, अलीकडे सेपांग, दुबई आणि अबू धाबीला. मुंबईहून दुबई तीन तासांवर. एकदा त्याला घेऊन जा आणि टीम मॅनेजरांना सरळ विचारा, सिल्व्हरची सीट कितीला पडते. आकडा ऐकून आईवडिलांना घाम फुटेल, पण तो आधीच कळलेला बरा.