अडतीस की बत्तीस? आजोबा-नातीचं भांडण

प्रश्न : मी रिटायर्ड बायोलॉजी टीचर. आयुष्यभर शाळेत शिकवलं की एका ग्लुकोजपासून 38 एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, पोरांकडून घोकून घेतलं, आणि आता नीटची तयारी करणारी नात सांगते, आजोबा तुमचा आकडा जुना झाला, 30 ते 32 म्हणा. ग्लुकोज तर तेच आहे ना? मग मधले सहा एटीपी गेले कुठे?
– एक आजोबा, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आजोबा, नात जिंकली, तिला सराफ्यात तळलेला गराडू कंद खाऊ घाला. पण तुम्ही चुकलात असंही मी म्हणणार नाही, तेव्हा सगळेच 38 शिकवायचे. ग्लुकोज बदललं नाही, हिशेबाची पद्धत बदलली.

एनएडीएच आणि एफएडीएचटू म्हणजे अन्नातले इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू. जुना हिशेब असा होता की एक एनएडीएच आला की तीन एटीपी, एक एफएडीएचटू आला की दोन, पूर्ण आकडे, रोख व्यवहार. दहा एनएडीएचचे तीस, दोन एफएडीएचटूचे चार, आणि थेट बनणारे चार, झाले 38. यामागे समजूत अशी की एनएडीएचमधली ऊर्जा मधल्या कुठल्यातरी रसायनात जाते आणि तिथून सरळ एटीपीत. ते मधलं रसायन लोक वर्षानुवर्षं शोधत बसले, सापडलंच नाही, कारण ते नव्हतंच.

1961 मध्ये पीटर मिचेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने वेगळंच सांगितलं. ते समजायला आपल्या घरचा नर्मदेचा नळ आठवा (एक दिवसाआड का होईना, येतो ना). नर्मदाकाठच्या जलूदला पंप लावून ते पाणी वर माळव्याच्या पठारावर चढवतात, त्याला वीज जाळावी लागते. आणि तीच नर्मदा ओंकारेश्वरच्या धरणातून टर्बाईनवर पडते तेव्हा उलट वीज मिळते. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतलं ऊर्जाघर, त्याच्या आतल्या पडद्यात ही दोन्ही कामं शेजारी-शेजारी चालतात, पंपही तिथेच आणि टर्बाईनही तिथेच. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या साखळीतून घरंगळत ऑक्सिजनपर्यंत जातात, जाता-जाता प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात, तिकडे गर्दी होते, आणि परत यायची मोठी वाट एकच, एटीपी सिन्थेस नावाचं चक्र. प्रोटॉन शिरले की चक्र खरोखर गोल फिरतं, आणि त्या फिरण्यातून एटीपी जुळतो. मिचेलवर बरीच वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही, तो बिचारा कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्यात स्वतःची लॅब काढून बसला, 1978 मध्ये नोबेल मिळालं. आणि 1997 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या चक्राला एक धागा चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना बघितलंसुद्धा!

आता तुमचे सहा एटीपी. एका एनएडीएचमुळे साधारण 10 प्रोटॉन पलीकडे जातात, एफएडीएचटूमुळे 6. एक एटीपी बनवून पडद्याबाहेर पोचवायला साधारण 4 लागतात, तीन चक्र फिरवायला आणि एक ने-आणीला, म्हणजे हमाली समजा, जी जुन्या हिशेबात कुणी धरलीच नव्हती. दहा भागिले चार अडीच, सहा भागिले चार दीड. म्हणजे पंचवीस, अधिक तीन, अधिक थेटचे चार, बत्तीस. आणि पेशीद्रवात बनलेले दोन एनएडीएच स्वतः आत जाऊ शकत नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याच्या हाती द्यावे लागतात. स्नायू किंवा मेंदूत तो दुसरा स्वस्तातला, अडीचऐवजी दीडच एटीपी देणारा, निघाला तर दोन कमी, तीस. नातीचा ‘30 ते 32’ इथून आलाय.

खरं तर 32 सुद्धा कमालच धरा, पाईपलाईन कुठे गळत नाही? काही प्रोटॉन टर्बाईन चुकवून तसेच परत झिरपतात, त्यांची नुसती उष्णता होते. तान्ह्या बाळाच्या पाठीवर, खांद्यांच्या मधे, तपकिरी चरबी असते, तिच्यात तर ही गळती मुद्दाम ठेवलेली असते, बाळाला थंडीत ऊब मिळावी म्हणून.

प्रश्न : रोज सकाळी नेहरू पार्कला चक्कर मारते, चार किलो कमी झालं. पण ती चरबी गेली कुठे? घामातून?
– एक काकू, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : काकू, बहुतेक सगळी नाकातून गेली. दहा किलो चरबीतले अणू मोजले तर साधारण 8.4 किलो कार्बन डायऑक्साईड होऊन श्वासातून बाहेर पडतात आणि 1.6 किलोचं पाणी होतं. म्हणून नुसता जोरजोरात श्वास सोडू नका हं, चक्कर येईल फक्त, कार्बन आधी पेशीत सुटला पाहिजे आणि तो सुटतो एटीपी खर्च झाला की. शरीर साठवणीला चरबीच का निवडतं तेही सांगते, एका ग्रॅमला 9 कॅलरी, पिष्टाला 4, त्यातून यकृतातलं ग्लायकोजन, म्हणजे आपल्या शरीरातलं पिष्ट, सोबत पाणी घेऊन बसतं, एवढं ओझं कोण वाहणार. बटाट्याला, गराडूला कुठे चालायचंय, ते खुशाल पिष्ट साठवतात.

आणि हो, चक्कर मारून झाल्यावर मैत्रिणींबरोबर पोहे-जिलबी खाता का, ते तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत.