घरच्यांना पहिल्यांदाच समुद्र दाखवायचाय. अंबाजोगाईहून पाच दिवसांत कुठं जावं, काय बघावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊबीज झाली की निघणार, सोबत साठीच्या पुढचे सासू-सासरे आणि दोन लेकरं, आणि घरातल्या कुणीच अजून समुद्र पाहिलेला नाही. मी औशाकडचा. चार वर्षांपूर्वी माझ्या आईला, बापूंना आणि लेकरांना घेऊन असाच पहिल्यांदा मालवणला गेलो, त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आलो. त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट, गणपतीपुळे, मालवण आणि गोवा असं सगळं एका फेरीत बसवू नका. अंबाजोगाईहून मालवण साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. लातूर, तुळजापूर, सोलापूर करत पहिल्या दिवशी कोल्हापूर गाठा, अंबाबाईचं दर्शन घ्या, मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी राधानगरीवरून फोंडा घाट उतरलात की दुपारपर्यंत मालवण. परतीचा दिवस सगळा गाडीतच जातो. म्हणजे हातात राहिले अडीच दिवस. ते एकाच गावात काढा, मालवण, तारकर्ली नाहीतर देवबाग. आम्ही पहिल्या वेळी एक दिवस गोव्याला पळालो. त्यातलं आईला आज काहीच आठवत नाही. आठवतं ते तारकर्लीच्या वाळूत बसलेलं.

तिथं गेल्यावर दिवस घड्याळावर नका लावू, भरती-ओहोटीवर लावा. आपल्याकडच्या माणसाला हे ठाऊकच नसतं. माझ्या लेकरांनी तोवर पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी, पाहिला होता, त्यांना वाटायचं पाणी एका जागी थांबतं. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि ही वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. कोकणातली जुनी माणसं तिचा अंदाज तिथीवरून काढतात: तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो आकडा भरतीचा. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. सकाळी तेवढ्याला आणि रात्रीही साधारण तेवढ्याला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मालवणकडं भरती या हिशोबापेक्षा थोडी आधीच येते, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारायचंच. पण दिवस आखायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. भाऊबीज म्हणजे द्वितीया, भरती दीडच्या आसपास. तुम्ही पोचाल तोवर चतुर्थी-पंचमी उजाडेल, म्हणजे भरती दुपारी तीन-पावणेचारला आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. तुम्हाला अगदी सोयीचं आहे हे.

ओहोटीच्या वेळी लेकरांना ओल्या वाळूवर सोडा. बारके खेकडे वाळूच्या ज्वारीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती नक्षी मांडतात. माझी पोरगी दीड तास एका जागेवर उकिडवी बसून ते बघत होती. मालवणच्या रॉक गार्डनलाही ओहोटीलाच जा, खडकांमधल्या डबक्यांत बारकी मासोळी, शंख, शेवाळ सगळं दिसतं. खडक निसरडे असतात, सासूबाईंना हात धरूनच न्या.

आता पाण्याचं, आणि हे मी कळकळीनं सांगतो. आपल्याकडची माणसं विहिरीत पोहायला शिकतात. विहिरीचं पाणी थांबलेलं असतं, समुद्राचं पाणी ओढतं. माझा चुलतभाऊ विहिरीत वरून सूर मारणारा. तारकर्लीला कमरेएवढ्या पाण्यात गेला, आणि ओहोटीच्या ओढीनं पायाखालची वाळू सरकली. काठावरच्या एका कोळीदादानं ओरडून त्याला आडवं, म्हणजे किनाऱ्याला समांतर, पोहायला लावलं, तेव्हा तो बाहेर आला. सरळ काठाकडं झुंजत राहिला असता तर दमला असता. म्हणून लेकरांना गुडघ्याच्या वर पाणी नको, लाटेकडं पाठ नको, अंधार पडल्यावर कुणीच आत नको. गाडी वाळूवर नेऊ नका, रुतते आणि भरती थांबत नाही.

बघायच्या जागांत एकच निवडायची झाली तर सिंधुदुर्ग. मालवणच्या जेट्टीवरून होडीनं थोड्याच वेळात पोचता. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, तीन वर्षांत पुरा झाला. तट तीन किलोमीटरच्या आसपास, आतली जागा ४८ एकर, आणि दरवाजा असा वळणात दडवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मराठा लष्करी वास्तूंमधले जे बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यात हाही आहे. आत राजाराम महाराजांनी बांधवलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. पण आमची मंडळी खिळून राहिली ती विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस आईनं काढलेत. दूधबावीच्या कठड्याला धरून ती वाकून बघत राहिली, काही बोलली नाही. होडीवाला हाका मारत होता, तरी मी तिला घाई केली नाही. तुम्हीही तिथं वेळ राखून ठेवा. होडीवाले किल्ल्यात थांबायला किती वेळ देतात ते बसण्याआधीच विचारा, आणि जमलं तर जास्त मागून घ्या. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, दिवाळीनंतर सुरू असते.

दुसरी गोष्ट रापण. सकाळी लवकर उठून किनाऱ्यानं चाललात तर एखादे दिवशी दिसेल. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात आणि मग त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसं मिळून ओढतात. आमचे बापू मोटेचा नाडा धरलेला माणूस. त्यांनी विचारलं, ‘आम्ही लावू का हात?’ आणि थेट दोराला जाऊन भिडले. जाळं वर आल्यावर रापणकरांनी त्यांच्या ओंजळीत बांगडे टाकले. बापू माळकरी, खात नाहीत, तरी ते बांगडे त्यांनी मुक्कामाच्या घरी मोठ्या कौतुकानं नेऊन दिले. फोटो काढण्याआधी विचारा, दोर ओलांडू नका, तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे.

देवबागला एक संध्याकाळ द्या. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी, आणि टोकाला संगम. होडीनं संगमापर्यंत नेतात. सासऱ्यांना हे नक्की आवडेल. स्कूबा डायव्हिंग मालवण-तारकर्लीला होतं, पोहता येत नसलं तरी सोबत माणूस असतो. तुम्ही दोघं करा. दमा, हृदयाचा किंवा कानाचा त्रास असेल तर नको, आणि पोटभर खाऊन जाऊ नका. किल्ला आणि संगम झाला की कुणकेश्वर, समुद्रालगतचं शंकराचं देऊळ. देवगडकडं आहे, अर्धा दिवस मोडतो. लेकरं दमली असतील तर सोडून द्या.

जेवणाचं आधी बोलून ठेवा. घरात कुणी माळकरी असेल तर खोली ठरवतानाच वेगळ्या भांड्यांचं विचारा, घरगुती राहण्याच्या ठिकाणी बहुतेक ऐकतात. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, आंबोळ्या, सोलकढी, एवढ्यावर शाकाहारी माणसाचे अडीच दिवस मजेत जातात. मासे खाणाऱ्यांना सांगायची गरज नाही. ज्वारीची भाकरी मात्र तिकडं मिळणं अवघड, तांदळाचीच मिळते, आणि म्हाताऱ्या माणसांचं त्यावर मन भरत नाही. आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी डबाभर नेली होती, मुक्कामाच्या घरच्या काकूंनी ती मागून घेतली आणि निघताना त्याच डब्यात खाजं भरून दिलं. तुम्ही डबा जरा मोठाच घ्या.