अंतराळात हवा नसल्यामुळे माणसाचे रक्त खरोखर उकळते का?

स्पेससूटशिवाय यानाबाहेर पडलेल्या माणसाचे रक्त उकळून शरीर फुटते का आणि तो किती वेळ जगतो, असा तुमचा प्रश्न आहे. शरीर फुटत नाही, कारण त्वचा पुरेशी चिवट असते. रक्तही पातेल्यातल्या पाण्यासारखे खळखळत नाही, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंती त्यावर दाब टिकवून धरतात. मात्र जिभेवरची लाळ आणि डोळ्यांतला ओलावा उकळतो, आणि तोही शरीराच्या ३७ अंश तापमानालाच. १९६६ साली ह्यूस्टन येथे नासाच्या निर्वात कक्षात जिम लब्लाँ हे तंत्रज्ञ सूटची चाचणी घेत असताना नळी सुटली आणि सूटमधला दाब गेला. सुमारे १४ सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. कक्षात लगेच हवा सोडल्यामुळे ते वाचले, आणि जिभेवरची लाळ बुडबुडत असल्याची जाणीव ही आपली शेवटची आठवण असल्याचे त्यांनी नंतर सांगितले.

ही हकिकत मला १९८८ साली ठाऊक असती तर फार बरे झाले असते. तेव्हा मी नववीत होतो आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ‘कोमट पाणी उकळवा’ हा प्रयोग मांडला होता. आमच्या गावच्या गुरांच्या डॉक्टरांनी मला काचेची मोठी सिरिंज दिली होती. आधी उकळून, विरघळलेली हवा घालवून, पन्नास अंशांपर्यंत निवू दिलेले थोडे पाणी मी तिच्यात ओढून घेत असे, हवेचा थेंबभर बुडबुडाही आत राहू देत नसे, आणि तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या मागे खेचत असे. त्याला चांगलाच जोर लागे, पण पाण्यावरचा दाब उतरताच ते उकळू लागे. परीक्षकांनी ते दोनदा पाहिले आणि हे हवेचे बुडबुडे आहेत, पाणी १०० अंशालाच उकळते, असे सर्वांसमोर सांगितले. दट्ट्या सोडल्यावर सगळे बुडबुडे नाहीसे होतात, हवा असती तर ती शिल्लक राहिली असती, असे मी म्हणालो. त्यावर पाठ्यपुस्तक वाचून ये, एवढेच उत्तर मिळाले. माझा प्रयोग ‘सदोष’ ठरला. आज २६ वर्षे विज्ञान शिकवल्यानंतरही माझे मत तेच आहे: सदोष होते ते परीक्षण. ‘१०० अंश’ हे वाक्य समुद्रसपाटीवरच्या, म्हणजे ७६० मिलिमीटर पाऱ्याएवढ्या दाबापुरतेच खरे आहे. महाबळेश्वरला पाणी सुमारे ९५-९६ अंशांना उकळते, एव्हरेस्टच्या माथ्यावर ७० च्या आसपास, आणि सुमारे १९ किलोमीटर उंचीवर ३७ अंशांना. तेथून पुढे दाबयुक्त पोशाखाशिवाय माणूस जगू शकत नाही. त्यासाठी अंतराळापर्यंत जाण्याचीही गरज नाही.

परीक्षकांचा दुसरा आक्षेप असा होता की, अंतराळात इतकी थंडी असते की पाणी गोठेल, ते उकळणार कसे. हा प्रश्न चांगला होता, हे मी आज मान्य करतो. निर्वातात उघडे पाणी आधी उकळते, त्या बाष्पीभवनात उरलेल्या पाण्यातली उष्णता निघून जाते आणि मग ते गोठते; दोन्ही गोष्टी घडतात. अपोलो मोहिमांच्या सूटमध्ये अंतराळवीराला थंड ठेवण्यासाठी नेमका हाच गुण वापरला होता: सच्छिद्र पत्र्यात पाणी गोठू द्यायचे आणि त्या बर्फाची थेट वाफ होऊ द्यायची. पण माणूस मात्र क्षणात गोठत नाही, कारण उष्णता वाहून नेणारी हवाच भोवती नसते; थर्मासमधला चहा गरम राहतो तो याच कारणाने.

म्हणून तुम्हाला माझे सांगणे असे की, कोणाच्याही शब्दावर, अगदी माझ्याही, विसंबू नका. औषधाच्या दुकानातून १० मिलिलिटरची सुईविना सिरिंज आणा आणि हा प्रयोग घरी करा. लहान सिरिंजला जोर कमी लागतो. कोणी १०० अंशांचे वाक्य ऐकवले, तर ते कोणत्या दाबाला खरे आहे, हे त्याला विचारा. उत्तर देता आले नाही, तर त्या माणसाने विद्यार्थ्यांच्या प्रयोगांचे परीक्षण करू नये.

किती वेळ जगेल, हे राहिलेच. शुद्ध दहा-पंधरा सेकंदांत जाते, आणि त्यानंतर दीडेक मिनिटाच्या आत हवा मिळाली तर वाचण्याची शक्यता असते. हा अंदाज मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलेला आहे. श्वास मात्र रोखून धरायचा नाही, कारण फुप्फुसांत कोंडलेली हवा प्रसरण पावून ती फाडते. रक्ताबद्दल मी वर जे लिहिले तेही थोडे सैल आहे: शिरांमध्ये आणि त्वचेखाली वाफ धरते आणि अंग बरेच सुजते. ३० जून १९७१ रोजी सोयुझ ११ हे सोव्हिएत अंतराळयान परतत असताना १६८ किलोमीटर उंचीवर एक झडप उघडली, आतली हवा निघून गेली आणि दोब्रोवोल्स्की, वोल्कोव व पात्सायेव हे तिघे अंतराळवीर दगावले. यानात जागा अपुरी म्हणून त्यांना दाबाचे सूट दिलेले नव्हते. १९७३ च्या सोयुझ १२ पासून उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी सूट घालणे सक्तीचे झाले.