झोप उडाली, पण कशामुळे?

या महिन्यात मनाच्या आजारांबद्दल आलेल्या पत्रांत एक तक्रार जवळपास सगळ्यांची आहे: झोप नाही. आजार मात्र प्रत्येकाचा वेगळा निघाला, म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत. झोप रात्री कुठल्या वेळी मोडते आणि माणूस दुसऱ्या दिवशी कसा असतो, एवढं घरच्यांनी नीट सांगितलं तरी डॉक्टरांचा बराच शोध वाचतो. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत. उत्तरं आमच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या गटाची आहेत.

प्रश्न : यजमानांचं वय ५२, द्राक्षबाग आहे. तीन महिन्यांपासून पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग छताकडे बघत पडून असतात. अन्नावर वासना नाही, सहा किलो वजन उतरलं. अंग दुखतं, डोकं जड असतं. सोनोग्राफी, ईसीजी, सगळं नॉर्मल. मेडिकलवाल्याने झोपेची गोळी दिली. तिने झोप लागते, पण पहाटेची जाग चुकत नाही. बागेत जायचं म्हटलं की "बघू उद्या." (तासगाव तालुका)

उत्तर : रात्री झोप लागते पण पहाटे ठरलेल्या वेळेच्या दोन-तीन तास आधी जाग येते आणि सकाळची वेळ सगळ्यांत जड जाते, ही नैराश्याची जुनी खूण आहे. संध्याकाळी माणूस थोडा बरा दिसतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं की सकाळी आळस करतो. आपल्याकडे नैराश्याचा रुग्ण "मला उदास वाटतं" असं क्वचितच म्हणतो. अंगदुखी, मुंग्या, पोटात गोळा, अशक्तपणा हीच त्याची भाषा असते. म्हणून तो आधी फिजिशियनकडे जातो आणि रिपोर्ट नॉर्मल आले की "तुम्हाला काही झालेलं नाही" हे ऐकून आणखी खचतो.

निदानासाठी लक्षणं किमान दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ असावी लागतात. मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, यातलं एक तरी हवंच. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, हालचाल मंदावणं किंवा येरझाऱ्या, लक्ष न लागणं, अपराधी वाटणं, मरणाचे विचार, अशी एकूण पाच लक्षणं भरली की डॉक्टर नैराश्य म्हणतात. 'पीएचक्यू-९' ही नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही आहे. तिचे गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला, "नाही" सोडून काहीही उत्तर आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

आधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. थायरॉईड मंदावला तरी चित्र असंच दिसतं. सोनोग्राफी झाली आणि टीएसएच राहून गेला, असं पुष्कळदा होतं.

झोपेच्या गोळीबद्दल. अल्प्राझोलमसारखी गोळी झोप आणते, नैराश्याला हात लावत नाही. तीन-चार आठवड्यांत शरीर तिला सरावतं आणि डोस वाढत जातो. ती शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीतली आहे. चिठ्ठीशिवाय देणं दुकानदाराला कायद्याने बंद आहे. पण आता एकदम थांबवू नका, डॉक्टर ती हळूहळू उतरवतील. नैराश्यावरची गोळी, उदाहरणार्थ एसिटालोप्राम, बहुधा ५ मिलिग्रॅमने सुरू करून १० वर नेतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, थोडी बेचैनी होते आणि गुण मात्र काही दिसत नाही. इथेच पुष्कळ लोक गोळी सोडतात. फरक दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. घरच्यांना तो आधी दिसतो, रुग्णाला नंतर जाणवतो. बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवावी लागते. मधेच तोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखा झटका असे त्रास होतात. ते व्यसन नव्हे. गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली की हे टळतं.

"मन रमवा" म्हणू नका, रमत नाही हाच आजार आहे. त्याऐवजी उठायची वेळ ठरवा आणि सकाळी दहा मिनिटं बांधापर्यंत दोघांनी जाऊन यायचं, एवढंच काम द्या. उत्साह आल्यावर काम होईल असं थांबू नका, आधी काम आणि मग उत्साह असा हा क्रम आहे.

आणखी एक, आणि हे आजच करा. द्राक्षबाग म्हणजे घरात फवारणीची औषधं असणार. ती कुलपात घाला, किल्ली त्यांच्याकडे नको. शेजाऱ्याच्या शेडमध्ये ठेवता आली तर उत्तम. "जगू नये असं वाटतं का?" हे त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर पडायला वाट मिळते.

प्रश्न : वय २६, हिंजवडीत नोकरी. झोपून तास-दीड तास झाला की दचकून जागी होते. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, बोटं वाकडी होतात, आता मरणार असं वाटतं. दोनदा कॅज्युअल्टीत गेले. ईसीजी, टूडी एको नॉर्मल. आता झोपायचीच भीती वाटते. (पुणे)

उत्तर : हे वर्णन पॅनिक अटॅकचं आहे, तेही झोपेतल्या. तो स्वप्नामुळे येत नाही. झोप हलकीतून गाढ होत असताना येतो, म्हणून पहिल्या काही तासांतच. भीती दहा मिनिटांच्या आत टोकाला जाते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरते. बोटं वाकडी होण्याचं कारण साधं आहे: भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने ओठांना, बोटांना मुंग्या येतात आणि स्नायू आखडतात. "श्वास पुरत नाही" असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात तो जास्त होत असतो.

म्हणून अटॅकमध्ये खोल श्वास घ्यायला जाऊ नका, सोडणं लांबवा. नाकाने चार आकडे घ्या, ओठ चंबू करून सहा आकडे सोडा, पाचेक मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा सिनेमातला उपाय करू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो महागात पडतो. खिडकीकडे पळणं, कुणाला तरी उठवणं, पुन्हा पुन्हा नाडी बघणं हेही हळूहळू सोडायचं आहे. या प्रत्येक गोष्टीतून मेंदू शिकतो की "हे केलं म्हणून वाचलो."

तुमच्या तपासण्या झाल्या आहेत, त्या दर महिन्याला परत करू नका. टीएसएच राहिली असेल तर तेवढी करा. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे का, तेही बघावं लागेल. (चाळिशी ओलांडलेल्या किंवा मधुमेह असलेल्या वाचकांनी हे उत्तर वाचून छातीतलं दुखणं अंगावर काढू नये. पहिल्यांदा दुखलं की ईसीजी आधी.) दुपारनंतरचा चहा-कॉफी आणि एनर्जी ड्रिंक बंद. उपचार म्हणजे सीबीटी नावाची बोलण्याची पद्धत. साधारण बारा बैठका, त्यात जागच्या जागी पळून किंवा गरगर फिरून धडधड मुद्दाम आणायची आणि ती निरुपद्रवी आहे याची सवय करायची. गोळी लागलीच तर नेहमीच्या निम्म्या डोसने सुरू करतात, कारण पॅनिकच्या रुग्णाला सुरुवातीची बेचैनी फार जाणवते.

प्रश्न : मुलगा २१ वर्षांचा, इंजिनिअरिंगला. मागच्या वर्षी नैराश्य होतं, गोळी चालू आहे. दहा दिवसांपासून रात्री जेमतेम तीन तास झोपतो, पण थकवा नाही. अखंड बोलतो. कंपनी काढणार म्हणतो, अॅपवरून कर्ज घेतलं. आम्हाला बरं वाटलं होतं की चला, उठून बसला. (नाशिक)

उत्तर : झोप *लागत नाही* आणि झोपेची *गरजच वाटत नाही*, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नैराश्यातला माणूस तीन तास झोपून पिळवटलेला उठतो. हा ताजातवाना उठतो. कमी झोपेत भरलेली ताकद, सुसाट बोलणं, एका विचारावरून दुसऱ्यावर उडी, मोठमोठे बेत, पैशाची उधळण हे उन्मादाचं, म्हणजे मेनियाचं चित्र आहे. असं आठवडाभर टिकलं आणि आधी नैराश्य येऊन गेलेलं असलं की बायपोलर आजाराचा (कधी नैराश्य, कधी उन्माद) विचार करावाच लागतो. अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर कधी कधी तीच उन्माद पेटवते. ती गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि वरची वाक्यं जशीच्या तशी सांगा. पुढच्या तारखेची वाट बघू नका.

तोवर वाद घालू नका, तो जिंकणारच. गाडीची किल्ली, कार्ड आणि मोबाइलवरचं यूपीआय गोडीत काढून घ्या. संध्याकाळनंतर दिवे मंद, पाहुणे बंद, दारू-गांजा असेल तर डॉक्टरांना सांगा.

लिथियम, म्हणजे बायपोलरवरचं औषध, सुरू झालं तर थोडं लक्षात ठेवा. रक्तातली पातळी बहुधा लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल ठेवतात. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर साधारण पाच-सात दिवसांनी, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. लोक गोळी घेऊन लॅबमध्ये जातात आणि आकडा फुगून येतो. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की पातळी चढते, त्यामुळे निर्जळी उपवास, जुलाब-उलट्या, मे महिन्यातलं ऊन यांत सांभाळा. दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने नको. हात जोरात थरथरणं, झोकांड्या, जड जीभ, उलट्या असं काही दिसलं की गोळी थांबवून थेट दवाखाना. थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी दर सहा महिन्यांनी.

प्रश्न : सून बाळंत होऊन नऊ दिवस झाले. बाळ झोपलं तरी ती झोपत नाही. "हे माझं बाळ नाही, बदललंय" म्हणते. पाचवीला काही राहिलं का? (जालना जिल्हा)

उत्तर : या पत्राला आम्ही मिळाल्या दिवशीच फोनवर उत्तर दिलं, कारण असं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं सर्रास असतं आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. ते त्यापुढे लांबलं तर बाळंतपणानंतरचं नैराश्य. पण बाळाबद्दल भलताच संशय, भास, गोंधळ आणि बाळ झोपलेलं असतानाही डोळ्याला डोळा न लागणं हा तिसरा प्रकार आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. आई आणि बाळ दोघांनाही एकटं सोडू नका. पाचवीचा काही संबंध नाही, सुनेचा दोष नाही. अंगावर पाजण्याचं डॉक्टर औषध बघून सांगतील. गुण चांगला येतो. पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा गरोदरपणातच मानसोपचारतज्ज्ञांना कळवा.

प्रश्न : भाऊ पंधरा वर्षं रोज पितो. घरच्यांनी शपथ घातली, एकदम सोडली. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून झाडू लागला, घाम, थरथर, आम्हाला ओळखेना. बाहेरची बाधा का? (लातूर जिल्हा)

उत्तर : बाधा नव्हे, दारू अचानक तुटल्याचा परिणाम. शेवटच्या घोटानंतर सहा-बारा तासांत थरथर सुरू होते, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत हा भ्रम. वेळेवर उपचार नाही मिळाले तर जीव जातो; भगताकडे घालवलेली रात्र परवडत नाही. दवाखान्यात पोहोचल्यावर "रोज पीत होता, अमुक दिवशी सोडली" हे आधी सांगा, कारण ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, द्यायचं असतं. पुन्हा सोडताना पाच-सात दिवस गोळ्यांच्या आधाराने, डॉक्टरांच्या नजरेखाली. आणि जेवणातून नकळत दारू सोडवायची पावडर घालू नका. तिच्यात डायसल्फिराम असेल आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

प्रश्न : बायको रात्री गॅसचा नॉब, कडी, नळ पंधरा-वीस वेळा बघते. दीड वाजतो. मी दरवेळी "बंद आहे" सांगतो. (डोंबिवली)

उत्तर : ते सांगणंच तिचा आजार पोसतं. वाईट वाटेल, पण खरं आहे. रोज तासाहून जास्त वेळ यात जात असेल तर हा ओसीडी. पूर्वी याला मंत्रचळ म्हणत. बंद आहे हे तिलाही कळतं, शंका तरी सुटत नाही. उपचारात सोप्यापासून अवघडाकडे जातात: आधी नळ एकदाच बघायचा आणि खोलीबाहेर यायचं. घालमेल होईल, ती सहन करायची. बहुधा अर्ध्या-एक तासात आपोआप उतरते. नळ जमला की कडी, शेवटी गॅस. तुम्ही दोघांनी ठरवून एकच वाक्य ठेवा, "याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय", आणि रागावू नका. गोळ्या लागतात तेव्हा डोस नैराश्यापेक्षा जास्त असतो आणि गुण यायला दहा-बारा आठवडे जातात.

प्रश्न : तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही. जायचं कुठे? (गडचिरोली जिल्हा)

उत्तर : टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते. भरतीची वेळ आली तर तुम्हाला नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय जवळ. बाकीची तीन ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीला आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्ण स्वतः सही करून भरती होऊ शकतो आणि हवं तेव्हा सुट्टी मागू शकतो. आरोग्य विम्यातही मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला कंपनी बांधील आहे.

जाताना दोन आठवड्यांची झोपेची नोंद न्या: अंथरुणाला पाठ कधी टेकली, झोप कधी लागली, जाग कधी आली, दुपारी किती झोपला. चालू गोळ्यांची पाकिटं न्या, आयुर्वेदिक आणि मेडिकलवरून आणलेलीसुद्धा. नात्यात कुणाला असा त्रास होता का, कुणी जीव दिला होता का, हे घरातल्या मोठ्यांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि सोबत अशी व्यक्ती न्या जी रुग्णाबरोबर एकाच घरात झोपते. लांबून आलेल्या मेहुण्याला रात्रीचं काही माहीत नसतं.